अक्षरांची पाठवणी

“ह्यो ‘क’ जेवून आडवा झालाय जनू.”

मी कीबोर्डवरून मान वर केली. दुकानाच्या पायरीखाली निवृत्तीअण्णा साळी उभे होते आणि कपाळावर हात धरून माझ्या बोर्डाकडे बघत होते. ‘अलका डीटीपी आणि फ्लेक्स.’ बोर्ड माझा मीच जुळवलेला, माझ्याच मशीनवर छापलेला. त्याला नावं ठेवायचा अधिकार विट्यात फक्त एकाच माणसाला होता आणि तो माणूस हाच.

स्टँडसमोरच्या रसवंतीपासून कोर्टाच्या दारातल्या टायपिंगवाल्यापर्यंत आमच्या गावात जे जे हाताने रंगवलेलं होतं, त्याच्या खालच्या कोपऱ्यात ‘साळी’ अशी तिरकी सही असायची. फ्लेक्स आलं आणि ते बोर्ड एकेक करून खाली आले. माझ्याकडे मशीन आलं त्या दिवसापासून अण्णा या रस्त्यानं जाताना तोंड पलीकडे करून जायचे. पलीकडे म्हशींचा गोठा सोडला तर बघण्यासारखं काही नव्हतं. तरी ते गोठाच बघायचे.

असे अण्णा त्या दिवशी आपल्या पायांनी माझ्या दारात आले होते. मी खुर्ची सोडून उभी राहिले.

“या अण्णा. चहा सांगू?”

“चा नगं. काम हाय.” त्यांनी चपला पायरीवर काढल्या, देवळात काढतात तशा शेजारी शेजारी नीट लावल्या आणि आत आले. फ्लेक्सच्या मशीनकडे एकदा बघितलं, लगेच नजर काढून घेतली. बंडीच्या खिशातून हातरुमालाची पुरचुंडी निघाली. तिच्यात एक पेन ड्राइव्ह होता.

“काकींनी शिवनाच्या डब्यात ठेवलावता,” ते म्हणाले. काकी म्हणजे त्यांची बायको. गावात सगळे तिला काकी म्हणायचे, तेही म्हणायचे. “ह्यात अक्षरं हायती. रेवाची पत्रिका ह्या अक्षरात पायजे.”

रेवा म्हणजे रेवती, त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेत ती माझ्या मागे दोन वर्षं. बाप शिडीवर आणि ही खाली रंगाचा डबा वर धरून उभी, असं चित्र आमच्या सगळ्या पिढीनं बघितलेलं. डबा धरता धरता ती अक्षरांच्या नादी लागली, मुंबईला जाऊन अक्षरांचंच शिकली आणि पुण्यात त्याच कामाला लागली. एका सुट्टीत गावातला शेवटचा बोर्ड उतरण्याआधी तिनं कॅमेरा घेऊन बापाचं अक्षर न् अक्षर टिपून नेलं होतं. त्यातून तिनं फॉन्ट केला, हे मी ऐकून होते. पुढच्या दिवाळीत ती तो घेऊन आली आणि त्याच दिवाळीत बाप-लेकीचं काहीतरी बिनसलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं काकींच्या मार्फत चालायचं. ‘जेवायला बसायला सांग तिला.’ ‘बसते म्हणावं.’ काय बिनसलं ते कुणाला ठाऊक नव्हतं. लग्न तिनं स्वतः जुळवलं म्हणून, असं गावानं ठरवून टाकलं होतं. मीही तेच धरून चालले होते.

“म्हणजे रेवतीनं केलेला फॉन्ट?” मी विचारलं.

“तोच. मी बिरशानंच काढनार हुतो पत्रिका. एक नमुना काढायचा, त्येच्यावरनं छापायची.” त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. बोटं वाऱ्यावरच्या पानासारखी हलत होती. “आता ऐकंना हात. म्हटलं, हात न्हाई तर न्हाई, अक्षरं तर हायती.”

मी पेन ड्राइव्ह लावला.

“आनि आलके, तिला कळता कामा न्हाई. छापून हातात पडली की कळू दे. तवर एक शबूद न्हाई.”

फॉन्ट चढवला आणि सहज पहिला शब्द टाइप केला, ‘विटा’. पडद्यावर अण्णांचं अक्षर उभं राहिलं. त्यांची शिरोरेषा शेवटाला जराशी वर उचललेली असायची, मान वर करून चालणाऱ्या माणसासारखी. ती तशीच होती. ‘ट’चा तो ऐसपैस बाक तसाच. माझ्या वडलांच्या गिरणीवर ‘येथे हळद दळून मिळेल’ असं याच अक्षरात लिहिलेलं होतं आणि त्यावर बोट फिरवत मी वाचायला शिकले होते. माझं बोट आपोआप पडद्याकडे गेलं. अण्णा मात्र बोर्ड तपासायला आल्यासारखे मान तिरकी करून बघत होते.

“बरं हाय,” ते म्हणाले. “म्होरं चल.”

मजकूर त्यांनी तोंडपाठ आणला होता. गणपतीचं चित्र टाकू का विचारलं तर म्हणाले, “अक्षरं हायती की. त्यास्नी बगू दे लोक.” निमंत्रकांची नावं मानपानाच्या क्रमानं लागली, त्यात मोठ्या चुलत्यांचं नाव दोनदा वर-खाली झालं. चि. सौ. कां. रेवती झालं. मग चि. ऋतुराज. नवऱ्या मुलाचं नाव पडद्यावर आलं आणि अण्णा एकदम पुढे वाकले.

“हे जरा मोटं कर.”

मी मोठं केलं. अण्णा नाक काचेला टेकेल इतके जवळ गेले. मला वाटलं, जावई अजून गळ्याखाली उतरला नाही. त्यांचा चेहराही तसाच होता, न सांगता काही गिळल्यासारखा.

“काही चुकलंय का, अण्णा?”

“न्हाई. म्होरं चल.”

संध्याकाळच्या आत पत्रिका जुळली. इतकी देखणी पत्रिका माझ्या दुकानातून त्याआधी गेली नव्हती. आमच्याकडे पत्रिका छापायला जायच्या आधी व्याह्यांच्या डोळ्यांखालून जाते. कुणाचं नाव राहिलं, कुणाचं खाली गेलं, तर लग्नात रुसवा ठरलेला. मी पीडीएफ केली आणि अण्णांच्या मोबाइलवरून संगमनेरला गाडेकरांना, म्हणजे ऋतुराजच्या वडलांना पाठवली. सूनबाईंना एवढ्यात दाखवू नका, हेही अण्णांनी मला खाली लिहायला लावलं. अण्णा खुर्चीत बसून राहिले. मागवलेला चहा आता त्यांनी घेतला.

फोन आला तो गाडेकरांचाच. माझ्या टेबलावर ठेवून मी आवाज मोठा केला.

“अण्णा, पत्रिका मिळाली बरं का! पण वाचायची कशी हो? नुसते चौकोन आहेत. चौकोनाशेजारी चौकोन. आमची ही विचारतेय, पत्रिका पाठवली की फरशीचा नमुना?”

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जसे काही ते चौकोन मीच माझ्या हातांनी रचले होते.

“हितं तर सरळ दिसतंय की!” फोन बंद झाल्यावर ते म्हणाले.

“इथं दिसतंय, कारण अक्षरं या कॉम्प्युटरात आहेत. त्यांच्या फोनमध्ये ती कुठली असायला? नुसता कागद पाठवून भागत नाही अण्णा, त्याच्याबरोबर अक्षरंही पाठवावी लागतात. मी विसरले, थांबा.”

“पाठवनी करायची म्हन की अक्षरांची.”

“तसंच.”

एक खूण करायची असते, की फॉन्ट फाइलीच्या पोटात जातो आणि मग ती कुठेही उघडा, तशीच दिसते. रोजचं काम. मी खूण केली, पुन्हा पीडीएफ करायला घेतली. कॉम्प्युटरनं नकार दिला. इंग्रजीत चौकट आली. तिचा अर्थ असा, की या फॉन्टला फाइलीबरोबर बाहेर जायची परवानगी नाही.

असं माझ्याबाबतीत आधी झालं नव्हतं. मी घाम पुसत एकेक वाट धरून बघितली. मजकूर उचलून पत्रिकांच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरात नेला, म्हणजे तिथं अक्षरांचं चित्र करून टाकता येतं. पण ते सॉफ्टवेअर जुनं आणि हा फॉन्ट नव्या पद्धतीचा. तिथं वेलांट्या एकीकडे आणि रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर. ‘शुभविवाह’ ओळखू येईना. पडद्याचाच फोटो घेऊन बघितला, तर छापायच्या मापात नेल्यावर अक्षरांच्या कडांना धुकं धरलं. पत्रिका छापणारा कोल्हापूरचा प्रेसवाला तर आधीच सांगून बसलेला, की स्वच्छ पीडीएफ असेल तरच पाठवा.

“काय म्हनतंय यंत्र?” अण्णांनी विचारलं.

“म्हणतंय, मालकाची परवानगी नाही.”

“मालक कोन?”

“ज्यानं फॉन्ट केला तो. करतानाच तसं आत लिहून ठेवता येतं. वापरा, पण बाहेर पाठवू नका म्हणून.”

“म्हंजे कुलूप.”

“कुलूपच.”

अण्णांनी हातरुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “माझ्यासाठीच घातलं आसंल. बोललोच हुतो मी तसं.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. एवढा सगळ्या गावाला नावं ठेवणारा माणूस, खुर्चीत इतका लहान दिसायला लागला की मला बघवेना.

“अण्णा, हे बघा,” मी घाईनं म्हणाले, “एवढं काही नाही. असली कुलपं काढून टाकायचे प्रोग्राम नेटवर मिळतात. दुसरा चहा होईपर्यंत काढते. रेवतीला कळायचंसुद्धा नाही.”

त्यांनी मान हलवली. “नगं.”

“अहो, अक्षरं तर तुमचीच आहेत!”

“त्या कापडवाल्या बोराट्यानं माझ्या बोर्डाचा फोटू काढून त्येचं फ्लेक्स केलंवतं, तवा मी काय केलंवतं?”

ते सगळ्या गावाला माहीत होतं. अण्णा बोराट्याच्या दुकानापुढे पथारी टाकून बसले होते. फ्लेक्स उतरेपर्यंत उठले नाहीत.

“मंग आता पोरीच्या घरात मागच्या दारानं कसा शिरू?” ते म्हणाले. “कुलूप तिनं लावलंय. काडायचं तर तिनं काडावं.”

“म्हणजे तिला सांगावं लागणार. आणि मग गुपित कुठलं राहतंय?”

ते उठले, पायरीवर जाऊन बसले. समोर म्हशी रवंथ करत होत्या आणि अण्णा त्यांच्यामधून कुठेतरी लांब बघत होते. मी आपली उगीच फाइल उघडत होते, मिटत होते. लग्नाची तारीख काही पुढे सरकणार नव्हती. दुसरा एखादा फॉन्ट लावला असता तर काम संपलं असतं, पत्रिका पत्रिकेसारखी झाली असती. पण मग ती कुणाही रेवतीची कुणाही ऋतुराजशी होणाऱ्या लग्नाची पत्रिका झाली असती, आणि हा माणूस पुन्हा गोठा बघत जायला मोकळा. मला ते नको होतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला व्याह्यांपेक्षा, प्रेसपेक्षा, कशाहीपेक्षा ती पत्रिका त्याच अक्षरात व्हायला हवी होती.

शेवटी अण्णा आत आले.

“लाव फोन. पर माझं नाव सांगू नगंस. गिऱ्हाईक हाय म्हन. मी न्हाई बोलनार.”

मी फोन टेबलावर ठेवून, आवाज मोठा करूनच लावला. रेवतीनं लगेच उचलला. “अलकाताई! आज कशी आठवण झाली?”

“अगं, तुझा तो फॉन्ट, अण्णांच्या अक्षराचा. माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलंय. त्यांना त्यात एक काम करून हवंय.”

“तुझ्याकडे कसा आला तो?” तिचा आवाज एकदम सावध झाला.

“आला असा. पण पीडीएफ होईना. कुलूप आहे म्हणे. ते जरा काढून दुसरी फाइल पाठवतेस का?”

अण्णा टेबलाची कड धरून उभे होते.

“नाही गं ताई. तुला नाही म्हणायला जिवावर येतं, पण नाही जमणार.”

“का बरं? काय द्यायचं असेल ते देतील की ते.”

“देण्याचा प्रश्नच नाही. इथल्या मोठ्या लोकांनीही मागितला होता, त्यांनाही नाही म्हणाले. मी कुणालाच देत नाही तो. माझ्या स्वतःच्या कामातसुद्धा वापरत नाही.” ती थांबली. “मी अण्णांना शब्द दिलाय.”

अण्णांची मान वर झाली.

“कसला शब्द?” मी विचारलं.

“त्या दिवाळीला मी त्यांना कॉम्प्युटरवर दाखवला ना फॉन्ट, तेव्हा ते भडकले. म्हणाले, मेलेली अक्षरं आहेत ही. एका बोर्डावरचा ‘क’ दुसऱ्या बोर्डावर तसाच्या तसा कसा येईल? दोन दुकानं सारखी असतात का? आणि मग म्हणाले, आता ही फ्लेक्सवाल्यांच्या हातात पडतील आणि ज्यांनी माझ्या पोटावर मारलं तेच माझं अक्षर छापतील. मी म्हटलं, नाही पडणार अण्णा. त्याच रात्री फॉन्ट बंद करून टाकला. त्यांच्यासमोर सांगायला गेले तर त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. काकींकडे पेन ड्राइव्ह देऊन निघून आले. ती त्यांची अक्षरं आहेत, ताई. उद्या अण्णांनी सांगितलं तर उघडीन, नाहीतर नाही. तुझ्या गिऱ्हाइकाला सांग, रागावू नका म्हणावं.”

मी अण्णांकडे बघितलं नाही. बघण्याची हिंमतच झाली नाही. म्हणजे मघापासून हा माणूस समजत होता, की लेकीनं रागानं आपल्याला बाहेर ठेवलंय, आणि ती बिचारी बापाच्याच शब्दाला दारात राखणीला बसवून राहिली होती.

टेबलावरचा फोन अण्णांनी दोन्ही हातांनी उचलला. बोटं हलत होती म्हणून दोन्ही हातांनी.

“रेवा, गिऱ्हाईक मीच हाय गं.”

त्यांनी फोन जरा हलवून बघितला.

“ऐकतीस न्हवं?”

“ऐकतेय अण्णा. तुम्हाला कशाला हवाय?”

“तुझ्या पत्रिकेला.”

रेवती हसायला लागली की रडायला, ते फोनवर कळेना. बहुतेक दोन्ही. अण्णा फोन तोंडापुढे आरशासारखा धरून उभे होते आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता.

“मेलेली अक्षरं चालतील का तुम्हाला?” तिनं विचारलं.

“मी आसं बोललो व्हय?”

“बोललात.”

“मानूस बोलतंय. तू कशाला ध्येनात ठिवतीस?” मग घसा खाकरून त्यांनी आवाज एकदम बोर्डाचा भाव ठरवताना लावायचे तसा लावला. “कवा धाडतीस? ही आलका खोळंबून बसलीया.”

फाइल आली. जुना फॉन्ट पुरता काढल्याशिवाय नवा ओळख देईना, दोघांचं नाव एकच असल्यामुळे कॉम्प्युटर जुन्यालाच धरून बसलेला. तो काढला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, नवा चढवला. पीडीएफ केली. या वेळी चौकट आली नाही. संगमनेरला पाठवली आणि आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो.

“वा अण्णा! आता कसं!” गाडेकर म्हणाले. “काय अक्षर आहे हो! कुणाचं आहे?”

अण्णांनी क्षणभर विचार केला. “आमच्या घरातलंच हाय,” ते म्हणाले.

त्या आनंदात मी एक प्रत माझ्याच प्रिंटरवर काढून त्यांच्या हातात दिली. अण्णांनी चष्मा लावला, उजेडात नेली आणि ओळीखालून बोट सरकवत वाचायला लागले. माझ्या ‘क’ला नावं ठेवणारा माणूस आता काय काढतो म्हणून मी वाट बघत होते. बोट नवऱ्या मुलाच्या नावाशी थांबलं.

“ह्यो माझा न्हाई.”

“कोण?”

“ह्यो ‘ऋ’. पयल्यांदा पडद्यावर आला तवाच बगितला मी. म्हटलं, ह्यो कुठनं आला? उभ्या जन्मात ह्या अक्षराचं दुकान मिळालं न्हाई मला. न्हाई किराणा, न्हाई सलून. मी ह्यो कदी काढलाच न्हाई.”

मी निरखून बघितलं. मला तरी काही फरक दिसेना. तीच उचललेली शिरोरेषा, तोच बाक. “मग रेवतीनं काढला असेल. फॉन्टमध्ये सगळी अक्षरं लागतात ना. जी तुमची मिळाली नाहीत ती तिनं तुमच्या वळणानं काढली असणार.”

“तिनंच काढलाय. माझ्या वळनानं न्हाई, तिच्या वळनानं.” त्यांनी बोट त्या अक्षरावरून एकदा हळूच फिरवलं. “खालच्या गाठीला मी इतकी जागा दिली नसती. माझं कोंबल्यावानी झालं आसतं.”

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मघाशी पडद्याला नाक लावून ते जावयाचं नाव बघत नव्हतेच.

“बदलायला सांगू का तिला?”

“येडी का खुळी तू? राहू दे. माझ्यापरीस बरा हाय.” पत्रिकेची घडी न घालता त्यांनी ती बंडीच्या आत छातीशी सरळ ठेवली. दारात चपला घालताना वर बघून म्हणाले, “त्यो तुझा ‘क’ बी बदलून टाक आता. फॉन्ट आलाय न्हवं तुझ्याकडं? लोकं हसत्याती.” अशा रीतीनं अण्णांच्या अक्षरातलं पहिलं फ्लेक्स माझ्या स्वतःच्या दुकानावर लागलं. ते अजून आहे.

हळदीच्या दिवशी मी लग्नघरी गेले तेव्हा मांडवाच्या दारात गर्दी जमली होती. व्याही मंडळी आदल्या दिवशीच येऊन उतरलेली. दारावर पांढऱ्या रंगाची फळी टांगली होती आणि तिच्यावर लाल रंगात, ब्रशनं, अण्णांनी स्वतः नावं काढली होती. कडा थरथरलेल्या होत्या, रेघ मध्येच जाड, मध्येच बारीक. त्यातला एक ‘र’ दुसऱ्या ‘र’सारखा नव्हता. काकी सांगत होत्या, की डाव्या हातानं उजवं मनगट धरून दोन दिवस ते एवढंच काढत होते, कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

पण नवऱ्या मुलाच्या नावात घोटाळा होता. ‘रेवती’ पुरतं होतं. त्यापुढे एका अक्षराची मोकळी जागा आणि मग ‘तुराज’.

“अण्णा, आमच्या पोराला अर्धाच पसंत केलात की काय?” गाडेकर मोठ्यानं म्हणाले आणि सगळे हसले. ऋतुराज बिचारा लाजून बाजूला झाला. “म्हातारपणी विसरले वाटतं,” कुणीतरी मागे पुटपुटलं.

“इसरलो न्हाई.” अण्णा आतून आले. त्यांच्या एका हातात ब्रश होता. “रेवा! ए रेवा, भाईर ये.”

हळद लागलेली रेवती तशीच बाहेर आली. हाताला, गालाला, कपाळाला सगळीकडे पिवळं. तिनं फळी बघितली, मोकळी जागा बघितली आणि जागच्या जागी थांबली.

“ओळखलंत?” तिनं विचारलं.

“न वळखाय काय झालं? त्यो माझ्याकडं न्हाई. तुझा हाय, तूच काड.” त्यांनी ब्रश तिच्यापुढे धरला.

तिनं हळदीचे हात पदराला पुसले. एका बाईनं “अगं, नवी साडी!” म्हणून हाक दिली, ती कुणी ऐकली नाही. रेवतीनं स्टूल ओढलं आणि वर चढली. तिला डबा हवा होता म्हणून तिनं सवयीनं इकडेतिकडे बघितलं. डबा अण्णांनी उचलला होता. स्टुलाशेजारी उभं राहून त्यांनी तो दोन्ही हातांनी वर धरला, तिचा हात पोहोचेल एवढा.

ती काढायला लागली. शिरोरेषा आली, शेवटाला जराशी वर उचललेली. खालच्या गाठीला तिनं ऐसपैस जागा दिली. अण्णा मान तिरकी करून खालून बघत होते, नावं ठेवायला बघत असत तसेच. डबा हातात हलत होता, पण त्यातला रंग सांडला नाही.

रेवती खाली उतरली. “कसं झालंय, अण्णा?” तिनं विचारलं.

आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. अण्णांनी डबा खाली ठेवला, ब्रश तिच्या हातातून घेतला आणि गर्दीकडे वळून म्हणाले, “वलं हाय अजून. हात लावू नका कुनी.”